सह्याद्री आणि इंजिनिअरांच्या शाखा

प्रतिवर्षी शालान्त परीक्षांचे निकाल लागले म्हणजे आपल्या ज्ञातीतील घराघरांतून एकच वाक्य ऐकू येऊ लागते : 'मुलाला इंजिनिअर करावयाचा आहे.' अलीकडे मुलींच्या बाबतीतही हेच वाक्य ऐकावयास मिळते, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु 'कोणता इंजिनिअर?' असा प्रश्न केला असता पुष्कळ पालक गोंधळतात. इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर, त्यात आणखी निवड कसली, असा त्यांचा समज असतो. आम्ही पस्तीस वर्षे शाळेत अध्यापन केले, त्या काळात हा प्रश्न आम्ही अनेकांस विचारला; आणि बहुतेकांनी कामाचे नाव न सांगता पगाराचा आकडा सांगितला.

वास्तविक इंजिनिअर हे एका धंद्याचे नाव नसून अनेक भिन्न धंद्यांचे सामान्य नाव आहे. जसे आपल्याकडे 'कारागीर' म्हटल्याने सुतार, लोहार, तांबट, पाथरवट व सोनार या सर्वांचा बोध होतो, तसेच हे आहे. या शाखा कोणा एका विद्वानाने टेबलाशी बसून पाडलेल्या नाहीत. जुन्या विद्येला उरकेना असे काम समोर उभे राहिले, तेव्हा तेव्हा नवी शाखा फुटली. हा इतिहास आपणांस परदेशी जाऊन शोधण्याचे कारण नाही. मुंबई व पुणे यांच्या दरम्यान आडव्या पडलेल्या आपल्या सह्याद्रीच्या अंगावर तो कोरलेला आहे. त्याचे स्थूल दर्शन घडवावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१. लष्करी व मुलकी

इंजिनिअर हा शब्द मूळचा लष्करी. किल्ल्यांना सुरुंग लावणे, तोफांसाठी वाटा करणे, सैन्यासाठी पूल बांधणे, ही कामे करणारा तो इंजिनिअर. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन स्मीटन या गृहस्थाने दीपगृहे, कालवे व बंदरे बांधण्याचे काम केले आणि आपण लष्करी नव्हे तर 'सिव्हिल', म्हणजे मुलकी इंजिनिअर आहोत असे तो म्हणवू लागला. आज आपण ज्याला स्थापत्य अभियंता म्हणतो त्याच्या इंग्रजी नावातील 'सिव्हिल' या शब्दाचा उगम हा असा आहे. १८१८ साली लंडनमध्ये मुलकी इंजिनिअरांची संस्था निघाली. आगगाड्या व वाफेची यंत्रे वाढली तेव्हा यंत्रवाल्यांनी १८४७ साली आपले निराळे बिऱ्हाड थाटले आणि जॉर्ज स्टीफन्सन यास पहिला अध्यक्ष केले. तारायंत्र आल्यावर १८७१ साली तारखात्याच्या इंजिनिअरांची तिसरी संस्था निघाली. तीच पुढे विद्युत् इंजिनिअरांची संस्था झाली. स्थापत्य, यंत्र व विद्युत् या तीन थोरल्या शाखांचा हा जन्मक्रम वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण सह्याद्रीतही त्या याच क्रमाने आल्या.

आपल्या घाटातही प्रथम लष्करच आले. बोरघाटातून तोफा नेण्याजोगी वाट १८०४ च्या सुमारास वेलस्लीने करविली. आणि १८३० साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या कारकीर्दीत त्याच घाटातून गाड्यांचा रस्ता खुला झाला. तेथवर बैल व माणूस यांच्या बळावर निभावले. पुढे आगगाडी आली आणि काम बैलाच्या बळापलीकडे गेले.

२. बोरघाट : स्थापत्याची कसोटी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली आगगाडी धावली, हे शाळकरी मुलांसही ठाऊक आहे. परंतु ठाण्यापर्यंतची वाट सपाटीची होती. खरी परीक्षा पुढे होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर जेम्स जॉन बर्कले याच्यापुढे सह्याद्रीची भिंत उभी होती. आगगाडीचे लोखंडी चाक लोखंडी रुळावर चालते, त्यामुळे ते चढावर घसरते; बैलगाडी चढते तो चढ आगगाडीस चढवत नाही. म्हणून डोंगर ओलांडावयाचा, पण चढ मात्र हळूहळू घ्यावयाचा, असा हा पेच होता.

या कामी इंजिनिअर नेमके काय करतो? तो प्रथम कुदळ उचलीत नाही, तो मोजतो. थिओडोलाइट व साखळी घेऊन बर्कलेच्या माणसांनी दऱ्याखोऱ्यांतून मोजणी केली, निरनिराळ्या वाटांचे उभे व आडवे छेद कागदावर काढले आणि त्यांतून एक वाट निवडली. घाटातील शिंग्रोबा धनगराची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. गोऱ्या साहेबाला डोंगरातली वाट त्याने दाखविली आणि बक्षीस म्हणून गोळी खाल्ली, असे लोक सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळही आहे. ही दंतकथा असली तरी तिच्या पोटात एक मर्म आहे. वाट ठाऊक असणे निराळे आणि ती वाट किती फुटांस किती चढते हे कागदावर मांडणे निराळे. पहिले ज्ञान धनगराजवळ होते, दुसरे इंजिनिअराजवळ. दोहोंवाचून घाट झाला नसता. पण इतिहासात नाव राहिले ते दुसऱ्याचे.

काम जानेवारी १८५६ मध्ये सुरू झाले. चढाची एकूण लांबी पावणेसोळा मैल व उंची १,८३१ फूट. वाटेत २५ बोगदे व ८ मोठे कमानींचे पूल. अत्यंत कठीण जागी सदतीस फुटांस एक फूट एवढा चढ ठेवावा लागला. एका ठिकाणी डोंगराचा सुळका इतका अरुंद की गाडी वळविण्यास जागाच नाही. तेथे उलट स्थानक बांधले. गाडी तेथे शिरावयाची, इंजिन काढून दुसऱ्या टोकास जोडावयाचे आणि गाडी उलट दिशेने पुन्हा चढू लागावयाची. हे स्थानक १९२९ पर्यंत चालू होते. उतरणीला गाडी हाताबाहेर गेली तर ती बाजूच्या चढत्या रुळांवर जाऊन थांबावी, अशीही योजना घाटात केलेली होती.

पहिला कंत्राटदार फॅव्हिएल. मजुरी पूर्ण व वेळेवर मिळेना म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, आणि त्याच वर्षी त्याने कंत्राट सोडले. दुसरा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात येऊन काही आठवड्यांतच मरण पावला. तेव्हा त्याची विधवा पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या अंगावर घेतले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या दोन इंजिनिअरांच्या हातून ते तडीस नेले. मुलींना हे क्षेत्र नव्हे असे म्हणणाऱ्या पालकांनी ही गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. १८६१ साली या घाटात ४२,००० माणसे राबत होती. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. बर्कले मात्र तो पाहण्यास जिवंत नव्हता. आदल्याच वर्षी त्याचे निधन झाले होते.

या ४२,००० माणसांत सुरुंग लावणारे, दगड घडविणारे, कमानींसाठी लाकडी साचे उभारणारे, पहारी व टिकाव यांना धार लावणारे किती असतील, याचा विचार वाचकांनीच करावा. कमानीखाली आधी लाकडाचा साचा उभारल्यावाचून कमान बांधता येत नाही. आणि भात्यावाचून पहारीला धार येत नाही. पटकीच्या साथीत व सुरुंगांच्या अपघातांत कित्येक माणसे कामी आली. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. घाटातील महूकीमळी येथील दगडी पूल अवघ्या चार वर्षांत, १८६७ साली, कोसळला. पुढे या रेल्वेच्या इतर पुलांच्या बांधकामाचीही चौकशी करावी लागली. नकाशा कितीही सुबक असला तरी चुना व दगड यांची परीक्षा जागेवर उभे राहूनच करावी लागते, हा स्थापत्याचा पहिला धडा सह्याद्रीने दिला.

३. पुण्याची शाळा

एवढी कामे निघाल्यावर प्रत्येक माणूस विलायतेहून आणणे सरकारास परवडेना. रुडकी येथे १८४७ साली अशी एक शाळा निघालेली होती. पुण्यास जुलै १८५४ मध्ये 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' या नावाने वर्ग सुरू झाला. साहेब इंजिनिअरांच्या हाताखाली रस्ते, कालवे व इमारती यांवर देखरेख करणारी माणसे तयार करणे हा त्याचा हेतू. म्हणजे आपल्या लोकांस प्रारंभी मिळाली ती दुय्यम जागा. परंतु विद्येचे असे आहे की ती एकदा हाती आली म्हणजे दुय्यमपणा फार काळ टिकत नाही. तीच शाळा पुढे विद्यापीठास जोडलेले महाविद्यालय झाली. १८८० साली तिला सायन्स कॉलेज हे नाव मिळाले, १९११ साली इंजिनिअरिंग कॉलेज हे नाव मिळाले आणि २०२२ साली ती स्वतंत्र तंत्रविद्यापीठ झाली. मुंबईस १८८७ साली स्थापन झालेली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट ही दुसरी शाळा. तिने गिरण्या व यंत्रे यांसाठी माणसे घडविली. १९९७ पासून ती वीरमाता जिजाबाईंच्या नावाने ओळखली जाते.

पुण्याच्या शाळेतून १८८३ साली एक म्हैसूरकडील विद्यार्थी पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि पुढल्या वर्षी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्मदिवस १५ सप्टेंबर हा आज भारतभर अभियंता दिन म्हणून पाळला जातो.

४. पाण्याचे इंजिनिअर

स्थापत्याचीच एक मोठी फांदी म्हणजे पाटबंधारे व पाणीपुरवठा. मुंबईस विहीर-तलावांचे पाणी पुरेना, तेव्हा हेन्री कॉनीबिअर याच्या योजनेप्रमाणे विहार तलाव बांधून १८६० साली नळाने पाणी आणले. तानसाचे पाणी १८९२ साली आले. पुण्यास कर्नल फाइफ याच्या पुढाकाराने मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण झाले, ते १८७९ च्या सुमारास पुरे झाले.

पाण्याच्या इंजिनिअरास बांधकाम तर यावेच लागते. पण त्याहून निराळा हिशेब त्याला करावा लागतो. पाऊस किती पडेल, त्यातला नदीत किती येईल, गाळ किती साठेल आणि शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर कोठून सोडावा, हा तो हिशेब. खडकवासल्यास प्रतिवर्षी सांडव्यावरून पुष्कळ पाणी फुकट वाहून जाई. धरणाची भिंत उंच करावी तर जुन्या दगडकामावर पाण्याचा दाब वाढतो. विश्वेश्वरय्यांनी यावर १९०३ साली आपोआप उघडमीट होणारे दरवाजे बसविले. पाणी ठरलेल्या पातळीपर्यंत चढेतो दरवाजे बंद राहावयाचे. त्यावर चढले की पाण्याच्याच जोराने ते उघडावयाचे आणि पूर ओसरला की पुन्हा मिटावयाचे. भिंत न वाढविता साठा वाढला. येथे स्थापत्य व यंत्र या दोन विद्या एका माणसाच्या डोक्यात एकत्र आल्या, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पण पाणी हे हिशेबातील चूक माफ करीत नाही. १२ जुलै १९६१ रोजी आंबी नदीवरील पानशेतचे मातीचे धरण फुटले. काम पुरे होण्याआधीच त्यात पावसाळ्याचे पाणी अडविले गेले होते. धरण वाचविण्यासाठी जवानांनी वाळूच्या पोत्यांची शर्थ केली, तरी ते वाचले नाही. त्या लोंढ्यापुढे खालचे खडकवासलाही फुटले आणि निम्मे पुणे पाण्याखाली गेले. पुढे दोन्ही धरणे पुन्हा उभारण्यात आली. घर चुकले तर एका कुटुंबावर संकट येते. धरण चुकले तर नगरावर येते. घाई करणाऱ्या वरिष्ठास 'अजून काम पुरे नाही' असे ठामपणे सांगणे, हाही या इंजिनिअराच्या कामाचाच एक भाग आहे.

५. यंत्राचे इंजिनिअर

स्थापत्याच्या वस्तू जागच्या हलू नयेत म्हणून बांधावयाच्या असतात. यंत्राच्या वस्तू हलाव्यात म्हणून करावयाच्या असतात. दोन शाखांतील भेद याहून सोप्या शब्दांत आम्हांस सांगता येणार नाही. चाक, दट्ट्या, पंप, चरक, इंजिन, ही यंत्र इंजिनिअराची क्षेत्रे. घर्षणाने झिजते किती, उष्णतेने फुगते किती, आणि एका मापाचे हजार भाग एकमेकांत बिनचूक कसे बसतील, हे त्याचे प्रश्न.

या शाखेचे आपल्या प्रांतातील ठळक नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९-१९५६) यांचे होय. ते प्रथम जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले. परंतु डोळ्यांस रंगभेद नीट कळत नसल्याने रंगकाम सोडून यंत्रांची रेखाचित्रे काढण्याकडे वळले आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिलीत शिक्षक झाले. बेळगावास सायकलींचे दुकान, मग कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर, असा त्यांचा क्रम. १९१० साली औंध संस्थानात कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली.

लोखंडी नांगराने जमिनीस विष चढते, असा त्या काळी शेतकऱ्यांचा समज होता. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे व त्याचा फाळ लोहार शेवटीत असे. तो मोडला तर गावातच दुरुस्त होई. नव्या नांगरावर विश्वास बसण्यास काही काळ जावा लागला. फाळ मऊ असला तर झिजतो, ठिसूळ असला तर दगडावर आदळून मोडतो. त्यामुळे लोखंडाच्या रसात काय किती घालावे व तो कसा थंड करावा, हेही शिकावे लागले. यातूनच धातुशास्त्राची निराळी शाखा पोसली गेली. आपल्या ज्ञातीतील वडील माणसांस यातले दुःखही ठाऊक आहे : कारखान्याचा नांगर आला आणि गावच्या बलुतेदाराच्या दारातील गर्दी कमी झाली. तथापि ज्यांनी ऐरण सोडून लेथ धरली, त्यांच्या हातास कारखान्यात मानही मिळाला. हातचे कसब नाहीसे झाले नाही. त्याने जागा बदलली.

६. विजेचे इंजिनिअर

सह्याद्रीच्या माथ्यावर धो धो पाऊस पडतो आणि पायथ्याशी कोकण दीड हजार फुटांहून अधिक खाली आहे. हे पाणी वर साठवून नळातून खाली सोडले तर त्याच्या जोराने चक्र फिरेल, त्या चक्राने जनित्र फिरेल आणि मुंबईच्या गिरण्या धुरावाचून चालतील, ही जमशेटजी टाटांची कल्पना. ती त्यांच्या निधनानंतर १९१५ साली खोपोली येथे सिद्ध झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा ही तिची धरणे. पुढे भिवपुरी १९२२ मध्ये व भिरा १९२७ मध्ये चालू झाले.

येथे तीन शाखांची वाटणी स्वच्छ दिसते. धरण व नळाची वाट स्थापत्यवाल्याची. पाण्याचे चक्र यंत्रवाल्याचे. जनित्रापासून गिरणीतील मोटारीपर्यंतची वीज विद्युत्वाल्याची. वीज दूर न्यावयाची तर दाब पुष्कळ चढवून न्यावी लागते, म्हणजे तारेत तापून वाया जाणारी वीज कमी होते. आणि वापरण्याच्या जागी तो दाब पुन्हा उतरवावा लागतो. ही चढउतार, तारांचे मनोरे आणि बिघाड होताच क्षणार्धात प्रवाह तोडणारी साधने, हे त्याचे काम. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई ते कुर्ला विजेची गाडी धावली आणि काही वर्षांत वीज बोरघाट चढून पुण्यास पोचली. घाटातील ती जुनी विजेची इंजिने 'खेकडा' या नावाने कामगारांत प्रसिद्ध होती. विजेच्या इंजिनाची मौज अशी की उतारावर त्याच्या मोटारी उलट जनित्राचे काम करू शकतात, म्हणजे उतरणारी गाडी स्वतःला आवरता आवरता वीज परत देते.

परंतु या प्रकाशाखाली अंधारही होता. मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या पिढीजात जमिनी पाण्याखाली जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ पासून तेथे सत्याग्रह झाला. सेनापती बापटांनी तो लढविला व कारावास सोसला. १९२४ पर्यंत लढा चालला. शेवटी धरण झालेच. नकाशावर ज्यास 'बुडीत क्षेत्र' म्हणतात तेथे कोणाचे तरी तुळशीवृंदावन असते. ही गोष्ट कोणत्याही शाखेच्या पुस्तकात नसली तरी प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्यास ठाऊक असली पाहिजे.

७. कोयना : सर्व शाखांचा मेळ

स्वातंत्र्यानंतरचे सह्याद्रीतील सर्वांत थोर काम कोयनेचे. महाबळेश्वराकडून निघून कराडास कृष्णेस मिळणारी ही नदी सुमारे १०३ मीटर उंच धरणाने अडवून तिचे पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेस वळविले. पोफळी येथे डोंगर आतून कोरून त्यात वीजगृह बसविले आहे. १९६२ साली तेथून वीज मिळू लागली. वीज देऊन पाणी वाशिष्ठी नदीस मिळते.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरास प्रचंड भूकंप झाला. दीडशेहून अधिक माणसे मेली, हजारो घरे पडली, मुंबईची वीज खंडित झाली. धरणास भेगा पडल्या, पण धरण उभे राहिले. पुढे त्याच्या उंच भागास मागून काँक्रीटचे भक्कम टेकू देण्यात आले. दख्खनचा खडक स्थिर आहे, हा पूर्वीचा विश्वास त्या पहाटे ढासळला. मोठ्या जलाशयाच्या भाराने व झिरपणाऱ्या पाण्याने भूकंप उद्भवू शकतात काय, या प्रश्नाच्या अभ्यासात कोयनेचे नाव आज जगभर घेतले जाते. आणि त्यासाठी त्या परिसरात तीन किलोमीटर खोल छिद्र घेऊन खडकांची परीक्षा करण्यात आली आहे. भूशास्त्रज्ञ व भूकंप-अभियंता यांच्यावाचून यापुढे धरण बांधू नये, हे या देशास कोयनेने शिकविले.

त्याच कोयनेच्या चौथ्या टप्प्यासाठी १३ मार्च १९९९ रोजी एक विलक्षण काम झाले. भरल्या जलाशयाच्या तळाखाली बोगदा खणीत नेऊन शेवटचा खडकाचा पडदा सुरुंगाने उडविण्यात आला आणि पाणी बोगद्यात घेण्यात आले. किती दारू, कोणत्या छिद्रात, किती क्षणांच्या अंतराने, याचा हिशेब एका केसाइतकाही चुकून चालला नसता. बोरघाटात सुरुंग लावणाऱ्यांची विद्या एवढ्या उंचीस पोचली.

८. नव्या शाखा

रसायन इंजिनिअर म्हणजे रसायनशास्त्रज्ञ नव्हे. प्रयोगशाळेतील चंबूत जे छटाकभर तयार होते ते कारखान्यात टनावारी करताना उष्णता कशी काढावी, ढवळावे कसे व स्फोट कसा टाळावा, हे तो पाहतो. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली यासाठी निराळा विभाग काढला. माटुंग्याची ही संस्था आज जगात ख्यात आहे. पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या कारखान्याने पेनिसिलीन देशात तयार करून दाखविले. एका बुरशीला मोठमोठ्या टाक्यांत शुद्ध हवा व बेताची ऊब देऊन जगवावयाचे आणि दुसरा एकही जंतू आत येऊ द्यावयाचा नाही, असे ते नाजूक काम.

जुन्नर तालुक्यात खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली रेडिओ दुर्बीण पाहण्याचा योग ज्यांस आला असेल त्यांनी ४५ मीटर व्यासाच्या त्या तीस ताटल्या पाहिल्या असतील. त्या पत्र्याच्या नसून ताणलेल्या तारांवर विणलेल्या जाळीच्या आहेत. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका ठेवता आला व खर्च वाचला. सांगाडा स्थापत्याचा, फिरविणे यंत्राचे, आकाशातील क्षीण लहर पकडणे इलेक्ट्रॉनिक्सचे आणि तीस ताटल्यांची माहिती एकत्र जुळविणे संगणकाचे. पुण्यातच सी-डॅक या संस्थेने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली परम हा महासंगणक सिद्ध केला. आज धरणाचे दरवाजे, विजेचे वितरण व गाड्यांची ये-जा यांवर संगणकाची नजर असते. परंतु धरण, जनित्र व रूळ यांवाचून त्या संगणकास पाहावयाचे तरी काय, हे विसरू नये.

९. आपणांस यातून घ्यावयाचे ते

आपल्या वाडवडिलांच्या हत्यारपेटीत वाकस, किंकरे व रंधा यांच्याबरोबर गुण्या व ओळंबा असे. गुण्याने काटकोन कळतो, ओळंब्याने उभी रेषा कळते. बर्कलेच्या थिओडोलाइटात याहून निराळे तत्त्व नव्हते. मग आपले पूर्वज इंजिनिअर का झाले नाहीत? आमच्या मते भेद हाताचा नव्हता, कागदाचा होता. सुताराचे माप त्याच्या हातात व डोळ्यांत असे. ते त्याच्याबरोबर जाई, फार तर मुलास मिळे. इंजिनिअराने माप कागदावर उतरविले, त्यामुळे एका माणसाचे ज्ञान ४२,००० माणसांस वापरता आले, तपासता आले आणि चूक सापडल्यास सुधारता आले. तो कागद पिढ्यानुपिढ्या आपल्या हाती येऊ दिला गेला नाही, हेही तितकेच खरे. आज तो येत आहे.

म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, आज ज्या शाखेस अधिक पगार तीच शाखा असा नियम करू नये. पगाराचा वारा दर दहा वर्षांनी फिरतो, असे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे. मुलाची प्रवृत्ती इतक्या सहजी फिरत नाही. ज्याला माती, दगड व उघड्यावरचे काम आवडते त्याने स्थापत्य घ्यावे. ज्याचे बोट सायकलीच्या साखळीत व मिक्सरच्या मोटारीत सतत काळे असते, त्याने यंत्र घ्यावे. न दिसणाऱ्या गोष्टीचा माग काढण्याची ज्याला हौस, त्याने वीज किंवा इलेक्ट्रॉनिक्स घ्यावे. स्वयंपाकघरात 'हे असे का फुगले' असे विचारणारी मुलगी रसायनात चमकेल. आणि कोड्याची पायरी पायरी मांडून ते सोडविण्यात जो रमतो, त्यास संगणक शोभेल. ज्याचा ओढा पदवीकडे नसून हाताकडे आहे, त्याने आय.टी.आय. वा पदविकेची वाट धरावी. ती कमी प्रतीची नव्हे. साचा उभारल्यावाचून कमान उभी राहत नाही, हे वर आलेच आहे.

आपल्या संघाने विद्यार्थ्यांस शिष्यवृत्ती देताना केवळ गुणपत्रिका पाहू नये. प्रत्येक विद्यार्थ्यास निरनिराळ्या शाखांतील आपल्या ज्ञातिबांधवांची गाठ घालून द्यावी आणि एखादे धरण, एखादा कारखाना, एखादे वीजगृह दाखवून आणावे. यास फार पैसा लागत नाही; एक दिवस व एक गाडी लागते. पानशेत, मुळशी व कोयना ही नावे त्यांच्या कानांवर घालावीत, म्हणजे आपल्या हातून जे उभे राहील त्याच्याखाली माणसे राहतात, ही जाणीव पदवीच्या आधीच त्यांच्यात रुजेल. बोरघाटातील बोगद्यांतून आजही आपण पुण्याहून मुंबईस जातो. पुढच्या पिढीने त्या अंधारातून जाताना, हा कोणी मोजला, कोणी खणला व कोणी उजळला, एवढे जरी आपल्या मुलांस सांगितले, तरी या लेखाचे चीज झाले असे आम्ही मानू. इत्यलम्.